परंपरा मंगळवारी साडेसातला सुरू होते

"तुझं बरं आहे, तुला रंग लावायची गरजच नाही."

गेल्या वर्षी जून महिन्यात वूस्टरशरमधल्या एका पबच्या अंगणात हे वाक्य मला ऐकवलं गेलं. ऐकवणारा माणूस सत्तरी ओलांडलेला होता, हातात सायडरचा ग्लास. मी नुकताच नाच संपवून धापा टाकत उभा होतो. तोंडाला निळा रंग, अंगावर चिंध्यांचा कोट, गुडघ्याखाली घुंगरं, हातात दोन फुटी काठी, उजव्या हाताच्या बोटांवर त्याच काठीचे वळ. माणूस वाईट नव्हता. विनोद करून तो स्वतःच हसला आणि मग त्यानं मला एक ग्लास पाजला. मीही हसलो. घरी येऊन तोंड धुताना मात्र ते वाक्य काही निघेना, म्हणून हा लेख.

आधी मी तिथे काय करत होतो ते सांगतो. मी सॉफ्टवेअर इंजिनियर आहे. शिक्षण पुण्यात झालं, नोकरीसाठी इंग्लंडमध्ये आलो. घर मात्र शहरात न घेता मॅल्व्हर्नच्या टेकड्या दिसतात अशा एका खेड्यात घेतलं, कारण तिथे भाडं परवडत होतं आणि आठवड्यातले तीन दिवस काम घरूनच करायचं होतं. पहिल्या हिवाळ्यात, चार वाजता अंधार पडणाऱ्या त्या गावात, मी दिवसाकाठी ज्या एकमेव माणसाशी बोलायचो ती दुकानातली बाई होती, आणि तिच्याशीही दुधापलीकडे विषय जात नसे. तिनंच सांगितलं, "मंगळवारी साडेसातला गावच्या हॉलमध्ये ये. आम्हाला एक माणूस कमी पडतोय." कशासाठी कमी पडतोय हे मी विचारलंही नाही. गेल्यावर कळलं, मॉरिस नाचासाठी.

मॉरिस म्हणजे काय, हे इंग्लंडमध्ये दहा वर्षं राहिलेल्या मराठी माणसालाही धड ठाऊक नसतं. पांढऱ्या कपड्यातले, पोट सुटलेले म्हातारे रुमाल उडवतात तेच ना ते? तेही. पण तो एक प्रकार झाला, कॉट्सवोल्ड. उत्तर-पश्चिमेच्या गिरणगावांत लाकडी तळव्यांचे बूट घालून मिरवणुकीनं नाचतात. पूर्वेकडे नांगराच्या सोमवारी नाचतात ते मॉली. आणि वेल्सच्या सीमेलगतच्या श्रॉपशर, हेरफर्डशर, वूस्टरशर या तीन परगण्यांतला तो बॉर्डर मॉरिस. आम्ही बॉर्डरवाले. यात रुमाल नाही, काठ्या आहेत. नाजूकपणा जवळजवळ नाहीच, आरडाओरडा भरपूर. गटाला 'साइड' म्हणतात, म्होरक्याला 'स्क्वायर', शिकवणाऱ्याला 'फोरमन', आणि फोन, तारखा, पैसे बघणाऱ्याला 'बॅगमन'. आमची बॅगमन म्हणजे ती दुकानातलीच बाई. पेटी-ढोलकीच्या जागी मेलोडियन आणि एक मोठा ढोल. मे महिन्याच्या एक तारखेला पहाटे टेकडीवर चढून सूर्य उगवताना नाचायचं, उन्हाळाभर पबच्या अंगणांत नाचायचं, जानेवारीत सफरचंदाच्या बागेत जाऊन झाडांना जागं करण्यासाठी नाचायचं.

कोट आपला आपण शिवायचा असतो. जुन्या कोटावर चिंध्यांच्या पट्ट्या शिवत जायच्या, दोन-अडीचशे तरी लागतात. आईनं सामानात कोंबलेली सोलापुरी चादर फाडायला जीव धजेना, म्हणून मी कंपन्यांच्या परिषदांत फुकट मिळालेले अकरा टी-शर्ट कापले. त्या कापडाचे धागे सुटत नाहीत, नुसतंच गोळा होतं, हे शिवून झाल्यावर समजलं. माझा कोट अजूनही इतरांपेक्षा लुळा दिसतो. काखेत एका क्लाउड कंपनीचा अर्धा लोगो आहे.

आता रंगाकडे वळतो. बॉर्डर मॉरिसमध्ये तोंड रंगवतात. आज कुणी निळं रंगवतं, कुणी हिरवं, कुणी अर्धं लाल. काही वर्षांपूर्वीपर्यंत बहुतेक साइड पूर्ण काळं रंगवत. २०१६ साली श्रूझबरीच्या लोकसंगीत महोत्सवानं पुढच्या वर्षापासून काळं तोंड चालणार नाही असं जाहीर केलं. मग जुलै २०२० मध्ये, जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतरच्या त्या उन्हाळ्यात, मॉरिसच्या तिन्ही देशव्यापी संघटनांनी मिळून सांगितलं की पूर्ण काळा रंग आता बंद. आमच्या साइडनं मत घेतलं आणि निळा ठरवला. दोन जण उठून गेले. पबमध्ये मला ग्लास पाजणारा त्यातला एक. तो तीस वर्षं नाचला होता. आणि जो 'एक माणूस कमी' होता तो त्याच्याच जागेचा होता. म्हणजे परंपरा मोडली म्हणून जो गेला, त्याच्या जागी मी नाचतो. ज्याला रंगाची गरज नाही तो.

उठून गेलेल्यांचं म्हणणं मी नीट ऐकून घेतलंय, एकदा नाही, अनेकदा. ते असं: हा रंग वंशाशी संबंधित नाहीच. हिवाळ्यात शेतमजुरांना काम नसे, भीक मागणं गुन्हा होता, म्हणून ते तोंडाला काजळी फासून ओळख लपवून नाचत आणि पैसे मागत. शेकडो वर्षांची गरिबांची ही रीत, आणि शहरातल्या शहाण्यांनी ती एका पत्रकानं पुसून टाकली.

यातला पहिला भाग खोटा नाही. उपाशी माणसं वेश बदलून नाचत होती हे खरंच. पण 'शेकडो वर्षं'वाला भाग तपासून बघितला की हाताला वेगळंच लागतं. मॉरिसची सर्वांत जुनी नोंद १४४८ सालची आहे. लंडनच्या सोनारांच्या संघटनेनं मॉरिस नाचणाऱ्यांना सात शिलिंग दिले. गाव नाही, शेतमजूर नाहीत, शहरातल्या श्रीमंत व्यापाऱ्यांची मेजवानी. नावच मुळी 'मूरिश', म्हणजे परक्या मुसलमानांचा नाच अशा अर्थाचं, फॅशन म्हणून आलेलं. १६०० साली विल केम्प हा शेक्सपियरच्या कंपनीतला विनोदी नट लंडनहून नॉरिचपर्यंत नाचत गेला आणि त्यावर पुस्तक काढून मोकळा झाला. आजच्या भाषेत त्याला कंटेंट म्हणतात. झाडांची, ऋतूंची, ख्रिस्तपूर्व देवतांची जी कथा पबमध्ये पर्यटकांना सांगितली जाते ती पुष्कळ नंतरच्या पंडितांच्या डोक्यातून निघालेली आहे.

काळ्या रंगाचंही तसंच. १८३६ मध्ये टी. डी. राइस नावाचा गोरा अमेरिकन नट तोंड काळं करून लंडनच्या रंगभूमीवर आला, काळ्या गुलामाची नक्कल करत. पुढच्या काही दशकांत असल्या मिन्स्ट्रल मंडळ्या इंग्लंडभर फिरल्या, जत्रांत, समुद्रकिनाऱ्यांवर, लहान गावांतही. सीमेवरच्या या परगण्यांतले नाचणारे त्याच काळातले, त्याच जत्रांत उभे राहिलेले. त्यांच्यातल्या काहींचं वाद्य, काहींची गाणी मिन्स्ट्रलांची होती, आणि काही गावांत या नाचायला जाण्याला लोक जो शब्द वापरत तो मी इथे लिहिणार नाही. काळ्या लोकांसाठीची शिवीच ती. एवढं सगळं समोर असताना 'वंशाशी संबंधच नाही' असं म्हणायला एक तर भाबडेपणा लागतो, नाही तर सोय. आणि हे काही फार पूर्वीचं नव्हे. गोऱ्या गायकांना काळं रंगवून नाचवणारा एक कार्यक्रम बीबीसी १९५८ पासून १९७८ पर्यंत दूरदर्शनवर दाखवत होती. पबमधल्या माझ्या मित्राचं अख्खं बालपण त्यात आलं.

माझा खरा राग मात्र पुढच्या गोष्टीवर आहे. ज्याला तो 'शतकानुशतकांचं' म्हणतो, त्या बॉर्डर मॉरिसला 'बॉर्डर' हे नाव रूढ झालं ते ई. सी. कॉट यांच्या १९६३ सालच्या एका संशोधनलेखामुळे. आणि आरोळ्या, उड्या, दणादण काठ्या, हे जे आज बॉर्डरचं रूप म्हणून ओळखलं जातं त्याचा मोठा वाटा जॉन कर्कपॅट्रिक या संगीतकाराचा. त्यानं १९७५ साली श्रॉपशर बेडलम्स ही साइड काढली, जुन्या तुटपुंज्या नोंदी घेतल्या आणि उरलेलं स्वतःच्या कल्पनेनं भरलं. माझे बाबा तेव्हा चौथीत होते. म्हणजे बाबांच्या पाटी-दप्तरापेक्षाही लहान असलेली गोष्ट पुरातन म्हणून मला सांगितली जाते, आणि त्यातली एक रंगाची डबी बदलली की अमर परंपरेचा खून होतो.

आमच्या धंद्यात असा कोड असतो. पंधरा वर्षांपूर्वी कुणी तरी लिहिलेला, वर एक ओळ: 'हे काढू नका.' का काढायचं नाही हे कुणाला माहीत नसतं, लिहिणारा नोकरी सोडून गेलेला असतो. नवीन पोरगा भीत भीत काढून बघतो आणि बहुतेक वेळा काहीही होत नाही. आम्ही निळा रंग लावला. ढोल तसाच वाजला.

मग परंपरा आहे तरी कशात? माझं उत्तर साधं आहे आणि त्यावर मी भांडायला तयार आहे. ती मंगळवारी साडेसातला गावच्या हॉलमध्ये असते. तिथला हीटर नाणी टाकल्यावर चालतो. आमच्यातला एक निवृत्त पोस्टमन आहे, त्याचे दोन्ही गुडघे कामातून गेलेत, तो पट्टे बांधून येतो. आमचे बहुतेक नाच सहा जणांचे. पाच आले तर ते नाच होत नाहीत. हे ज्याला कळलं त्याला परंपरा कळली असं मी समजतो, कारण बाकी सगळ्या गोष्टींना पर्याय निघतो. सहाव्या माणसाला निघत नाही. जानेवारी २००९ मध्ये मॉरिस रिंग या संघटनेनं जाहीरपणे सांगितलं होतं की तरुण येईनात, असंच चाललं तर वीस वर्षांत हा नाच संपेल. काळा रंग तेव्हा जागच्या जागी होता. तो असूनही माणसं येत नव्हती. मग माणसं कशानं आली?

मुख्यतः बायकांमुळे आली. याच मॉरिस रिंगची स्थापना १९३४ ची, आणि तिच्या साइडमध्ये बायकांना नाचायला बंदी होती, परंपरेच्याच नावानं. त्याआधी १९०५ मध्ये मेरी नील लंडनमधल्या शिवणकाम करणाऱ्या गरीब मुलींना मॉरिस शिकवत होती आणि त्या मुली पुढे गावोगाव जाऊन तो शिकवत होत्या, ही गोष्ट सोयीनं विसरली गेली. १९७५ मध्ये बायकांनी स्वतःची वेगळी संघटना काढली, तीच आजची मॉरिस फेडरेशन. रिंगनं नियम बदलून दार नीट उघडलं ते २०१८ मध्ये. २०२३ च्या ब्रिट पुरस्कारांच्या सोहळ्यात वेट लेग या बँडसोबत बॉस मॉरिस ही स्ट्राउडच्या बायकांची साइड नाचली, तेव्हा माझ्या ऑफिसातल्या विशीतल्या मुलींनी पहिल्यांदा मला विचारलं, "तू हेच करतोस ना?" आमच्या सहांमध्ये आज तीन बायका आहेत. 'खरा मॉरिस पुरुषांचाच' हा आग्रह जिंकला असता तर आमच्या गावात मंगळवारी हॉलला कुलूप असतं.

इथे सेसिल शार्पबद्दल लिहायला हवं, कारण त्याच्यात मला मी दिसतो आणि ते मला आवडत नाही. १८९९ च्या नाताळच्या दुसऱ्या दिवशी ऑक्सफर्डजवळ हेडिंग्टनला या संगीतशिक्षकानं खिडकीतून मॉरिस नाचणारे पाहिले. कॉन्सर्टिना वाजवणारा विल्यम किंबर हा गवंडी होता. मॉरिसचा खरा हंगाम उन्हाळ्याच्या तोंडाचा, पण थंडीमुळे कामं बंद होती, पैसे हवे होते, म्हणून ते अवेळी नाचत होते, आणि किंबरनं त्याबद्दल चक्क माफी मागितली. शार्पनं चाली उतरवून घेतल्या, पुस्तकं लिहिली, १९११ मध्ये संस्था काढली, लंडनमध्ये त्याच्या नावाची इमारत आहे. भुकेपोटी होणारी गोष्ट सुशिक्षितांच्या हातात आली आणि तिचा 'वारसा' झाला. मी पगारदार माणूस. माझं पोट नाचावर नाही. किंबरच्या कोटातली चिंधी मी टी-शर्ट कापून बनवली आहे.

आणि हे आपल्याकडे होत नाही असं कुणी म्हणू नये. कॉलेजात असताना मी दोन वर्षं ढोल-ताशा पथकात होतो. नदीपात्रात सराव, पांढरे झब्बे, कमरेला शेला, सगळं साग्रसंगीत. 'आपली हजारो वर्षांची परंपरा' हे वाक्य तिथेही दर रविवारी ऐकायचो, त्याच पुण्यात जिथे पहिला सार्वजनिक गणपती १८९२ चा की १८९३ चा, रंगारींचा की टिळकांचा, यावर लोक अजून हमरीतुमरीवर येतात. सव्वाशे वर्षांच्या गोष्टीचा जन्मदाखला सापडत नाही आणि हजार वर्षांची ग्वाही देतात! हलगी ज्यांच्या गळ्यात पिढ्यान्पिढ्या होती त्यांना गावानं कुठे बसवलं होतं हे आपल्याला पक्कं ठाऊक आहे. आम्ही वाजवलं की संस्कृती, त्यांनी वाजवलं की बलुतं. पथकात असताना हे माझ्या डोक्यातही आलं नव्हतं. यायला वूस्टरशरचा एक पब लागला.

बर्मिंगहॅमच्या मंडळातले एक काका गणपतीत भेटले की विचारतात, "त्यांच्या जत्रेत तू कशाला विदूषक होतोस? त्यापेक्षा आपली लेझीम शिकव त्यांना." काका आणि पबमधला म्हातारा यांची ओळख करून द्यावी असं मला फार वाटतं. दोघांचं एका मिनिटात जमेल. संस्कृती म्हणजे आडनावासारखी जन्मतः मिळणारी वस्तू, आणि दुसऱ्याच्या अंगणात गेलं की तिची किंमत कमी होते, यावर दोघांचं एकमत आहे. काका स्वतः लेझीम खेळत नाहीत. मी विचारलं होतं.

रंगाच्या बाबतीतही आपण कुणाला शिकवण्याच्या लायकीचे नाही. माझ्या आजीनं मला दहावीपर्यंत दर रविवारी डाळीचं पीठ आणि दूध चोळलंय, 'जरा उजळ' व्हावा म्हणून. तोंडाला रंग लावण्याचा माझा अनुभव मॉरिसच्या कितीतरी आधीचा आहे. म्हणूनच त्या विनोदात मला नेमकं काय बोचलं ते सांगता येतं. आजीच्या पिठाला आणि म्हाताऱ्याच्या काजळीला एकच गोष्ट मान्य होती: माझ्या तोंडाचा जो रंग आहे तो कशाचा तरी अर्थ आहे, कमतरता किंवा सोंग. निळा लावला की तो प्रश्न पबच्या दारापुरता तरी संपतो. सहाही जण सारखेच विचित्र दिसतो. वेश पालटण्याचा मूळ हेतू हाच होता ना? मग तो निळ्यानं जास्त चांगला साधतो, काळ्यानं नाही. काळा लावल्यावर पाच जणांनी वेश घेतलेला असता आणि सहावा त्यांचा नमुना म्हणून उभा असता.

माझ्या युक्तिवादाला एक भोक आहे, ते माझ्याच लक्षात आलंय. परंपरा जर सरावाला येणाऱ्यांची, तर लँकशरमधल्या बेकपचे ब्रिटानिया कोकोनट डान्सर्स काय चूक करतात? ते दर ईस्टरच्या शनिवारी गावाच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिवसभर नाचतात, तोंडं काळी करून. ते म्हणतात, आमचा रंग खाणकामगारांचा, चाच्यांचा. २०२० मध्ये त्यांनी रंग बदलायला नकार दिला आणि संघटना सोडली. हे घरी बसून परंपरेचे गळे काढणारे नाहीत. उन्हापावसात रस्त्यावर असतात, आणि गाव त्यांच्या मागे आहे. माझ्याच निकषानं त्यांचा हक्क माझ्यापेक्षा मोठा ठरतो.

मी यावर बरेच दिवस घालवले. त्यांनी नाचू नये असं मला म्हणता येत नाही, आणि कायद्यानं थांबवावं असं तर मुळीच वाटत नाही. पण त्यांच्या रस्त्यावर उभा राहून मी टाळ्याही वाजवणार नाही. हक्क आहे म्हणजे बरोबर आहे असं नव्हे. मत द्यायला तेच माझ्या मते लायक, जे येतात. पण येणारेही चुकीचं मत देऊ शकतात, आणि मग त्यांना तोंडावर तसं सांगावं लागतं. सहावा माणूस कोण होऊ शकतो हे त्यांच्या रंगानं आधीच ठरवून टाकलंय. त्यांच्या गावात माझ्यासारखा कुणी दुधाच्या दुकानात उभा असेल, त्याला 'मंगळवारी ये' म्हणणं त्यांना किती अवघड करून ठेवलंय, एवढंच मला त्यांना विचारायचं आहे. कुणाला येताच येऊ नये अशी परंपरा ज्याला चालवायची असेल त्यानं चालवावी. वीस वर्षांनी मोजू.

या हिवाळ्यात पोस्टमनच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं आणि आम्ही पाचच उरलो. बॅगमन बाईंनी विचारलं, त्या जुन्या माणसाला परत बोलवायचं का? मत घेतलं. मी हो म्हटलं, निळ्या रंगाच्या अटीवर. बाकी चौघांनीही तेच म्हटलं. फोन मीच केला. तो बराच वेळ हवामानाबद्दल बोलला, माझ्या कोटाच्या कापडाबद्दल एक चांगला सल्ला दिला, जाड सुती पडदे फाड म्हणाला, आणि मग म्हणाला, "निळा नाही जमणार रे."

जानेवारीत सफरचंदाच्या बागेत आम्ही चार जणांचे नाच केले. पाचवी मेलोडियनवाल्याला टॉर्च धरून उभी होती. शाळेतल्या मास्तरांची मुलगी फेब्रुवारीपासून येते आहे, काठी अजून डाव्या हातात धरते. मी तिला मंगळवारी सातलाच बोलावतो, हीटरसाठी नाणी घेऊन.